एका घराची साक्ष

ऑगस्ट १९८४. मिशिगनहून निघालेलं एक कुटुंब तेहरानच्या विमानतळावर उतरलं. नवरा सय्यद बोझोर्ग महमूदी, व्यवसायाने भूलतज्ज्ञ, कित्येक वर्षं अमेरिकेत राहिलेला. बायको बेटी, मिशिगनचीच. मुलगी महतोब, पाच वर्षं पूर्ण व्हायला जेमतेम महिना बाकी. बेत दोन आठवड्यांचा होता. सासरच्या माणसांना भेटायचं, भाची आत्याच्या मांडीवर ठेवायची आणि परत फिरायचं. नणंदेच्या दारात मेंढा कापून त्यांचं स्वागत झालं. परतीचा दिवस उजाडला तेव्हा नवऱ्याने सांगितलं, आता आपण इथेच राहणार.

पुढचे अठरा महिने मारहाण, कोंडून ठेवणं, पाळत आणि मुलीपासून तोडण्याच्या धमक्या यांत गेले. बाहेर इराण-इराक युद्ध चालू होतं, १९८५ मध्ये तेहरानवर बॉम्ब पडत होते. अमेरिकेचे इराणशी राजनैतिक संबंध तुटलेले, त्यामुळे तिचं म्हणणं ऐकायला होता तो स्विस वकिलातीतला अमेरिकन हितसंबंध पाहणारा छोटा विभाग. १९८६ च्या जानेवारीत बेटी मुलीला घेऊन निघाली. चोरट्या वाटेने माणसं सरहद्दीपार नेणाऱ्यांच्या मदतीने, बर्फातून, कधी घोड्यावर तर कधी पायी, ती तुर्कस्तानात पोचली आणि तिथून अंकाऱ्याच्या अमेरिकन वकिलातीत. फेब्रुवारीत मायलेकी घरी आल्या.

१९८७ मध्ये विल्यम हॉफर या लेखकाच्या साथीने तिने हे सगळं लिहिलं. ‘नॉट विदाउट माय डॉटर’ हे पुस्तक जगभर गेलं. जर्मनीत तर त्याने विक्रीचे उच्चांक गाठले. मराठीत लीना सोहोनी यांच्या अनुवादातून ते आलं आणि वाचनालयांमधून हातोहात फिरलं. गेल्या काही दशकांत या पुस्तकाइतकी भक्ती आणि इतका संताप एकाच वेळी वाट्याला आलेली आपबिती दुसरी क्वचितच सापडेल. कुणी ते उशाशी ठेवून जगण्याचं बळ मिळवलं, कुणाला त्याच्यामुळे शाळेत मान खाली घालावी लागली. एकाच पुस्तकाचे हे दोन वाचक एकमेकांना खोटं ठरवत आले आहेत. मला वाटतं, दोघांचंही ऐकून घेतल्याशिवाय या पुस्तकातली खरी गोष्ट हाती लागत नाही.

जिला बाहेर पडायचं आहे ती

पहिली वाचक आहे मार खाणारी बाई. तिचा देश कुठलाही असो. ती या पुस्तकात इराण वाचतच नाही. ती वाचते नवऱ्याच्या पावलांचा आवाज ओळखायला शिकलेली बाई. चार माणसांत गोड बोलणारा आणि दार लावल्यावर बदलणारा पुरुष. मुलीच्या कानाशी पुटपुटलेली वचनं. किराणा आणायच्या निमित्ताने मिळालेली दहा मिनिटं आणि त्या दहा मिनिटांत करायचा फोन. नवऱ्याचा विश्वास बसावा म्हणून दिवसेंदिवस रमल्याचं सोंग वठवणं, आणि त्या सोंगाचीच स्वतःला वाटू लागलेली भीती.

हे तपशील कुणाला शिकवावे लागत नाहीत. ज्या घरात मारहाण आहे त्या घरातली बाई ते ओळखते, मग ते घर सोलापुरात असो की स्टुटगार्टमध्ये. बेटीचा नवरा तिला अमेरिकेला जायला एका टप्प्यावर परवानगी द्यायला तयार होतो, तो भाग अशा वाचकाच्या काळजाला सर्वांत जास्त भिडतो. मिशिगनमध्ये तिचे वडील कर्करोगाने अंथरुणाला खिळलेले. नवरा म्हणतो, जा, भेट, तिथली मालमत्ता विकून पैसे आण, पण महतोब इथेच राहील. तिकीटही काढलं जातं. म्हणजे दार उघडलेलं आहे, फक्त लेकीला मागे ठेवून उंबरा ओलांडायचा आहे. पुस्तकाचं नाव या पेचातून आलं. पोटच्या पोरासाठी वर्षानुवर्षं संसार न मोडणाऱ्या बायका हा पेच स्वतः जगलेल्या असतात. त्यांना बेटी शूर वाटते ती डोंगर ओलांडला म्हणून नव्हे, उघड्या दारातून एकटी गेली नाही म्हणून.

या वाचकाला कुणी समोर येऊन म्हणालं की बेटीने इराणचं चित्र भडक रंगवलं आहे, तर ती चिडते, आणि तिचं चिडणं रास्त आहे. आयुष्यभर तिला हेच ऐकवलेलं असतं. तू वाढवून सांगतेस. त्यांच्या घराण्याचं नाव घालवतेस. चार भिंतींतलं चार भिंतींत राहू दे. मार खाल्लेल्या बाईच्या तोंडावर हात ठेवणाऱ्यांनी नेहमी कुठल्या ना कुठल्या प्रतिष्ठेचं नाव पुढे केलेलं आहे, कधी कुळाचं, कधी जातीचं, कधी देशाचं.

ज्याचा देश आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला तो

दुसरा वाचक आहे इराणी. त्यातही इराणबाहेरचा. १९७९ च्या क्रांतीनंतर लाखो लोक देश सोडून गेले, त्यांतले अनेक अमेरिकेत, विशेषतः लॉस एंजेलिसच्या परिसरात स्थिरावले. ही माणसं खोमेनींच्या राजवटीला कंटाळून किंवा भिऊनच निघाली होती. तेहरानमधल्या अमेरिकन वकिलातीत ४४४ दिवस चाललेल्या ओलीसनाट्याची किंमत त्यांनी परक्या देशात मोजली. शेजारी नजर चुकवत, नोकरीच्या मुलाखतीत देशाचं नाव सांगताना जीभ अडखळे. ती जखम जरा भरत होती तेवढ्यात हे पुस्तक आलं आणि जानेवारी १९९१ मध्ये सॅली फील्ड आणि आल्फ्रेड मोलिना यांचा चित्रपट. त्याच आठवड्यात आखाती युद्धाला तोंड फुटलं. इराण त्या युद्धात नव्हता, पण सामान्य अमेरिकन प्रेक्षकाच्या लेखी हा सगळा एकच प्रदेश होता.

चित्रपटाचं चित्रीकरण इराणमध्ये होणं शक्यच नव्हतं. ते मुख्यतः इस्राएलमध्ये झालं. पडद्यावर दिसते ती किंचाळणारी गर्दी, काळे कपडे, अंधारे जिने. रॉजर ईबर्ट या अमेरिकेतल्या विख्यात समीक्षकाची प्रतिक्रिया बोलकी होती. नाट्य म्हणून चित्रपट पकड घेतो हे त्याने मान्य केलं आणि लगेच विचारलं की दुसऱ्या कुठल्या समाजाबद्दल इतक्या विखारी वृत्तीचा चित्रपट अमेरिकेत निघाला असता तर तो खपवून घेतला गेला असता का?

पुस्तकातही राग आणणाऱ्या जागा आहेत. भातातले किडे, घरांतली घाण, पाहुण्यांचं जेवणं, अंगाचा वास, अशा वर्णनांनी सुरुवातीची पानं भरलेली आहेत. कोंडलेल्या माणसाला सभोवतालची प्रत्येक गोष्ट अंगावर येते हे समजू शकतं. पण भातात किडे सापडणं आणि बायकोला कोंडणं या दोन गोष्टी एकाच दमात सांगितल्या की वाचकाच्या मनात त्या एकाच मुळाच्या दोन फांद्या होऊन बसतात. ज्या इराणी घरात तांदूळ दहा पाण्यांनी धुऊन, भिजवून, दम देऊन शिजवला जातो, त्या घरातल्या मुलीने ही पानं वाचली तर तिला काय वाटेल? तिच्या आईचं स्वयंपाकघर एका मारकुट्या पुरुषाच्या गुन्ह्याचा पुरावा म्हणून मांडलेलं असतं.

हा वाचक पुस्तकाच्या लेखनाकडेही बोट दाखवतो. सहलेखक हॉफर याने त्याआधी ‘मिडनाइट एक्स्प्रेस’ हे बिली हेजचं आत्मकथन लिहिलं होतं. तुर्कस्तानच्या तुरुंगातून अमेरिकन तरुण निसटतो, ही त्याची गोष्ट. त्यावरच्या १९७८ च्या चित्रपटाने तुर्की माणसाची जगभर जी प्रतिमा केली, तिच्याबद्दल खुद्द हेजने पुढे खेद व्यक्त केला. एकाच लेखणीतून उतरलेल्या या दोन्ही कहाण्यांत रानटी परका देश, एकटा गोरा जीव आणि शेवटी सरहद्द असा घाट आहे.

अभ्यासकांनी हा घाट आणखी मागे नेऊन दाखवला. व्हर्जिनिया विद्यापीठात शिकवणाऱ्या इराणी-अमेरिकन विदुषी फरझाने मिलानी यांनी अशा पुस्तकांना ओलीसकथा म्हटलं. अमेरिकन वाङ्मयात मूलनिवासींच्या कैदेतून सुटलेल्या गोऱ्या बायकांच्या कहाण्यांची जुनी परंपरा आहे. मेरी रोलंडसन हिची कहाणी १६८२ मध्ये छापली गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. त्या कहाण्यांनी मूलनिवासींविरुद्धच्या मोहिमांना नैतिक बळ पुरवलं. मिलानींचं दुखणं असं की इराणी बाई या चित्रातून गायबच होते. ती फक्त बुरख्याआडची सावली राहते, आणि शतकभर लिहिणाऱ्या, भांडणाऱ्या, मोर्चे काढणाऱ्या इराणी बायका कुणाला दिसत नाहीत. नेदरलँड्सच्या कायदे-अभ्यासक बेटी द हार्ट यांनी २००१ मध्ये याच पुस्तकावर लिहिताना दाखवलं की चांगली आई आणि परका दुष्ट बाप हे साचे एकदा रुळले की पालकाने मूल पळवण्याचा सगळा प्रश्नच त्या साच्यांतून पाहिला जाऊ लागतो.

दोघांनीही वगळलेली पानं

या भांडणात मला सर्वांत जास्त खटकतं ते हे, की दोन्ही बाजूंचे वाचक पुस्तकातली काही माणसं वगळून पुढे जातात.

एलन ही त्यांतली एक. ती अमेरिकन, तीही मिशिगनचीच, इराण्याशी लग्न करून तेहरानमध्ये राहणारी. बेटी तिच्याजवळ मन मोकळं करते, वकिलातीत गेल्याचं सांगते. थोड्याच दिवसांत एलन म्हणते की हे तुझ्या नवऱ्याच्या कानावर घालणं माझं धार्मिक कर्तव्य आहे. त्या क्षणी बेटीच्या जिवाला सर्वांत मोठा धोका आहे तो तिच्याच गावाकडच्या बाईपासून.

दुसरा अमाल. हा इराणी पुरुष. ओळख ना पाळख, पण तो पळून जाण्याची सगळी जुळवाजुळव करतो, वाटाड्यांशी बोलतो, त्यांचे पैसेही आधी स्वतः भरतो. बेटीने ते अमेरिकेत पोचल्यावर पाठवायचे, एवढ्या शब्दावर. पकडला गेला असता तर त्याची गत काय झाली असती हे त्याला ठाऊक होतं. वाटेतली माणसं, फोन वापरू देणारा दुकानदार, निरोप पोचवणाऱ्या बायका, सगळे तिथलेच.

म्हणजे बेटी जेव्हा इराणी लोकांबद्दल सरसकट विधान करते, तेव्हा तिच्याच पुस्तकातली माणसं तिला अडवतात. तिचं पाहणं प्रामाणिक आहे म्हणून ही माणसं पुस्तकात आली; तिचा निष्कर्ष घाईचा आहे म्हणून ती वाचकाच्या लक्षात राहिली नाहीत. माझ्या मते या पुस्तकाची किल्ली इथे आहे. बेटी महमूदी एका घराची साक्षीदार आहे. त्या घरात काय घडलं, कुणी हात उगारला, कुणी दार लावलं, मूल कसं रडलं, याबद्दल तिच्याइतका अधिकार कुणालाच नाही. त्या घराबाहेरच्या कोट्यवधी घरांबद्दल मात्र ती अठरा महिने कोंडून ठेवलेली परदेशी बाई आहे. तिची साक्ष मानायची आणि तिचा निवाडा तपासायचा, ही दोन्ही कामं वाचकाला एकाच वेळी करता आली पाहिजेत.

बाप आणि लेक

बाप गप्प होता, आणि पुढे बोलला. २००२ मध्ये फिनलंडमध्ये ‘विदाउट माय डॉटर’ नावाचा माहितीपट निघाला. अलेक्सिस कुरोस या इराणी वंशाच्या दिग्दर्शकाने कारी तेर्वोसोबत तो केला. त्यात महमूदी मारहाण आणि कैद नाकारतो, आपल्याला जगापुढे राक्षस म्हणून उभं केलं असं सांगतो आणि मुलीशी एकदा बोलायची इच्छा व्यक्त करतो. म्हातारा, एकटा, फोनजवळ बसलेला बाप पाहून पुष्कळ प्रेक्षक हलले. अनेकांनी बेटीचं पुस्तक बनाव ठरवून टाकलं. २००९ मध्ये तो तेहरानमध्ये वारला. त्याच्या बाजूचं पुस्तक त्यानंतर, २०१३ मध्ये आलं.

पण बापाचं एकटेपण खरं असणं आणि त्याने मारहाण केलेली असणं, यांत कसलाही विरोध नाही. ज्याने घर मोडलं तोही त्या मोडलेल्या घरात एकटा पडतो. माहितीपट पाहून द्रवलेला प्रेक्षक जेव्हा आईच्या साक्षीवर काट मारतो, तेव्हा त्याने दुसऱ्या बाजूचं ऐकलेलं नसतं, फक्त बाजू बदललेली असते.

या सगळ्यात जिच्या नावावर पुस्तक निघालं, तिला कुणी विचारलं नव्हतं. महतोबने स्वतःचं ‘माय नेम इज महतोब’ लिहिलं ते इंग्रजीत २०१५ मध्ये आलं. तिने आईच्या हकिगतीला पुष्टी दिली. भीती तिलाही आठवते, मार तिनेही पाहिला होता. वडिलांकडून आणि माहितीपटाच्या मंडळींकडून झालेले संपर्काचे प्रयत्न तिला नकोसे, धास्तावणारे वाटले, आणि भेट न घेण्याचा निर्णय तिचा स्वतःचा होता. मानसशास्त्र शिकून तिने मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम केलं.

आणि याच पुस्तकात एक गोष्ट आहे जी दोन्ही तट ओलांडून जाते. मिशिगनला परतल्यावर बेटीने मुलीच्या मनातून इराण पुसून टाकला नाही. बापाबद्दलचा राग त्याच्या लोकांवर काढायचा नाही, हे तिने लेकीला शिकवलं. घरात नवरोझ, इराणी नववर्षाचा सण, साजरा होत राहिला. जिच्या पुस्तकावर एका संस्कृतीची बदनामी केल्याचा आरोप झाला, तिने तीच संस्कृती मुलीसाठी जपून ठेवली. पुस्तकात जो फरक तिला शब्दांत करता आला नाही तो तिने घरात केला.

काबुलची वाट धरलेली बंगाली सून

अशीच एक कहाणी आपल्या जवळची आहे. कोलकात्याच्या सुष्मिता बंदोपाध्याय यांनी जांबाज खान या अफगाण सावकारी करणाऱ्या तरुणाशी घरच्यांच्या विरोधाला न जुमानता लग्न केलं आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्या त्याच्या गावी गेल्या. तिथे गेल्यावर कळलं की नवऱ्याचं आधी एक लग्न झालेलं आहे. नवरा भारतात परतला, त्या सासरी अडकल्या. औषधोपचाराची थोडी माहिती होती, त्या बळावर त्यांनी गावातल्या बायकांसाठी दवाखाना चालवला. तालिबान आल्यावर तो बंद झाला. पळून जाण्याचे फसलेले प्रयत्न, शिक्षा आणि शेवटी १९९५ मध्ये सुटका, हे सगळं त्यांनी ‘काबुलीवालार बांगाली बऊ’ या पुस्तकात लिहिलं. मृणालिनी गडकरी यांच्या अनुवादातून ते मराठीतही चांगलंच वाचलं गेलं. २००३ मध्ये मनीषा कोईरालाला घेऊन त्यावर ‘एस्केप फ्रॉम तालिबान’ हा हिंदी चित्रपट निघाला.

मराठी वाचकाने ही दोन्ही पुस्तकं बहुधा एकाच कप्प्यात ठेवली. परधर्मात, परदेशात लग्न केलं की काय होतं याचा धडा म्हणून ती लेकीसुनांच्या हातात दिली गेली. आईने ते पुस्तक मुलीच्या टेबलावर ठेवणं हा उपदेशच असायचा. पण सुष्मितांनी पुढे जे केलं ते त्या धड्यात बसत नाही. त्यांनी नवऱ्याला सोडलं नव्हतं. पुस्तकात त्यांचा राग आहे तो तालिबानवर आणि सासरच्या काही माणसांवर; नवऱ्याबद्दलचं प्रेम त्यांनी लपवलेलं नाही. २०१३ मध्ये त्या पुन्हा अफगाणिस्तानात, पक्तिका प्रांतात नवऱ्याकडे राहायला गेल्या, आरोग्यसेविकेचं काम करू लागल्या. त्या सप्टेंबरात बंदूकधाऱ्यांनी घरात शिरून त्यांना बाहेर नेलं आणि ठार मारलं.

बातमी आली तेव्हा अनेकांना प्रश्न पडला, सुटली होती तर परत का गेली? या प्रश्नात दयेपेक्षा नाराजीच जास्त होती. वाचकाने मनात तयार केलेली गोष्ट लेखिकेने मोडली होती. सुटलेल्या बाईने कायम सुटलेलंच राहावं, तिने तिकडच्या कुणावर प्रेम करू नये, तिकडच्या बायकांची काळजी वाहू नये, अशी आपली अपेक्षा असते. सुष्मिता त्या अपेक्षेसाठी जगत नव्हत्या. त्यांना एक माणूस प्रिय होता, एक काम प्रिय होतं, आणि त्या गावातल्या बायकांना डॉक्टर नव्हता.

आपणही दोन्ही बाजूंना बसलो आहोत

इराणी वाचकाचा संताप मराठी माणसाला परका वाटायचं कारण नाही. १९२७ मध्ये कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईंचं ‘मदर इंडिया’ आलं. बालविवाह, बाळंतपणातले हाल, विधवांची दैना, यांची वर्णनं करून भारतीय लोक स्वराज्याला लायक नाहीत असा सूर त्यात होता. देशभर संतापाची लाट उठली, गांधीजींनी त्यावर कडक टीका केली, उलट उत्तरं देणारी पुस्तकं निघाली. मेयोबाईंनी सांगितलेले बालविवाह खोटे नव्हते. पण ते सांगण्याचा हेतू आपल्याला झोंबला होता, आणि बरोबर झोंबला होता.

त्याच्याही आधी मुंबईत रखमाबाईंचा खटला झाला. अकराव्या वर्षी लग्न लागलेलं, मोठेपणी तिने नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. नवऱ्याने १८८४ मध्ये दावा लावला. १८८५ मध्ये तिने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त निनावी पत्रं लिहून बालविवाहाने बायकांची काय दशा होते ते सांगितलं. १८८७ मध्ये कोर्टाने फर्मावलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती तुरुंग पत्करायला तयार झाली. इंग्रजांना तिच्या पत्रांत हिंदू समाजाविरुद्धचा पुरावा मिळाला. टिळकांसह सनातनी आणि राष्ट्रवादी मंडळींना तीत धर्मावरचा आणि समाजावरचा हल्ला दिसला. दोन्ही बाजू तिच्या नावाने भांडत होत्या आणि तिला स्वतःला काय हवं होतं हे त्या गोंगाटात बुडालं. तिला शिकायचं होतं. १८८८ मध्ये तडजोड झाली, ती विलायतेला गेली, डॉक्टर झाली आणि पुढे सुरत-राजकोटात बायकांवर उपचार करण्यात तिने आयुष्य वेचलं.

आज आपण रखमाबाईंवर चित्रपट करतो. त्या वेळी जे तिच्यावर समाजाची अब्रू घालवल्याचा आरोप करत होते त्यांना इतिहासाने माफ केलेलं नाही. आणि इंग्रज तिच्या दुःखाचा वापर करत होते हेही आपण विसरलेलो नाही. शंभर वर्षांनी आपल्याला दोन्ही एकत्र धरता येतं. मग तेच बेटीच्या बाबतीत आज का जमू नये?

दाराला कुलूप कुणी घातलं

दोन्ही तटांच्या भांडणात पार मागे पडलेली गोष्ट म्हणजे कायदा. बेटीला तेहरानमध्ये अडकवलं ते भातातल्या किड्यांनी नाही आणि अंगभर गुंडाळायच्या चादोरने नाही. इराणच्या नागरी कायद्याप्रमाणे इराणी पुरुषाशी लग्न करणारी परदेशी बाई इराणी नागरिक धरली जाते. विवाहित बाईला पासपोर्टसाठी नवऱ्याची लेखी संमती लागते. क्रांतीआधीचा कुटुंब संरक्षण कायदा बाजूला सारल्यानंतर घटस्फोटात मुलगा दोन वर्षांचा आणि मुलगी सात वर्षांची होईपर्यंतच आईकडे राहू शके. पालकत्व मुळात बापाचंच. महतोब पाच-सहा वर्षांची होती. घटस्फोट मागितला तर लेक जाणार, एकटीने गेलं तरी लेक जाणार, राहिलं तर मार. तिन्ही बाजूंनी कायद्याची भिंत होती.

हा कायदा केवळ इराणच्या मातीतून उगवला असं मानायचं कारण नाही. १९०७ च्या अमेरिकन कायद्याने परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचं नागरिकत्वच काढून घेतलं होतं. त्यात बदल व्हायला १९२२ चा केबल कायदा यावा लागला, तोही पुरता न्याय देणारा नव्हता. बायको ही नवऱ्याच्या देशाची, हा विचार एकेकाळी जगभर राज्य करत होता. काही देशांनी तो आधी टाकला, काहींनी नंतर, काहींनी अजून नाही. आणि इराणमध्ये तो बदलावा म्हणून झुंजणाऱ्या बायका आहेतच. २००३ मध्ये मुलगाही सात वर्षांपर्यंत आईकडे राहील अशी दुरुस्ती झाली ती त्यांच्या रेट्यामुळे. म्हणजे बेटी ज्या कायद्याशी एकटी लढली, त्याच कायद्याशी तिच्यावर चिडलेल्या इराणी बाईच्या बहिणी रोज लढत होत्या. त्या दोघी एकाच बाजूला होत्या. पुस्तकाभोवतीच्या भांडणाने हे कुणाला दिसू दिलं नाही.

आपल्या घराकडेही पाहू. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात मुलाचा नैसर्गिक पालक आधी बाप आणि त्याच्यानंतर आई, असा क्रम आहे. १९९९ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’चा अर्थ सैल केला, पण कलमातला क्रम आजही तसाच छापलेला आहे.

आता आपल्या लेकी

मराठी वाचकाने हे पुस्तक पुन्हा उघडावं याचं आणखी एक कारण आहे. आज अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात आपल्या हजारो लेकी नांदतात. त्यांतल्या अनेकजणी नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असतात. एच-फोर या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर गेलेल्या बाईला २०१५ पर्यंत अमेरिकेत नोकरी करायची मुभाच नव्हती, आणि आजही ती सगळ्यांना नाही. घरात मारहाण सुरू झाली की अशी बाई काय करते? मूल घेऊन पुण्याला, नागपूरला, कोल्हापूरला आईकडे येते. तिच्या लेखी ती सुटून आलेली असते. तिकडच्या कोर्टाच्या लेखी तिने मूल पळवलेलं असतं.

मूल एका देशातून दुसऱ्या देशात नेलं तर ते मूळ राहत्या देशात परत पाठवावं, ताब्याचा निवाडा तिथल्या कोर्टाने करावा, हे सांगणारा हेग करार १९८० चा. करार झाला तेव्हा डोळ्यासमोर होता तो मूल घेऊन परागंदा होणारा बाप. आज या कराराखाली येणाऱ्या प्रकरणांत मूल घेऊन जाणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आया असतात. मुलाला गंभीर धोका असेल तर परत न पाठवण्याची सोय करारात आहे, पण आईला होणारी मारहाण हा मुलालाही धोका आहे, हे प्रत्येक कोर्ट मानतंच असं नाही.

भारताने या करारावर सही केलेली नाही. विधी आयोगाने २००९ मध्ये सामील होण्याची शिफारस केली, २०१६ मध्ये विधेयकाच्या मसुद्यावर अहवाल दिला. महिला संघटनांनी आणि परतून आलेल्या आयांनी विरोध केला. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने २०१७ मध्ये म्हटलं की परदेशी कोर्टाचा आदेश हा विचारात घ्यायच्या बाबींपैकी एक, निर्णायक मात्र मुलाचं हित. दुसरीकडे परदेशात मागे राहिलेले बाप आहेत, ज्यांनी कधी हात उगारला नाही आणि ज्यांचं मूल वर्षानुवर्षं त्यांना फोनवरही दिसत नाही. त्यांची साक्षही खरी असते.

बेटी महमूदीनेच यावर काम केलं, हे पुस्तक वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. परदेशी पळवल्या गेलेल्या मुलांसाठी तिने संस्था उभारली, कायद्यासाठी पाठपुरावा केला. १९९३ मध्ये अमेरिकेत असं मूल नेणं संघीय गुन्हा ठरलं. पण त्याच कायद्यात एक पळवाट मुद्दाम ठेवलेली आहे. घरातल्या हिंसेपासून जीव वाचवायला पालक मूल घेऊन पळाला असेल, तर तो त्याचा बचाव धरला जातो. कुठला देश, कुठला धर्म, कोण गोरं, कोण काळं, हे तो कायदा विचारत नाही. घरात हिंसा होती का, एवढंच विचारतो.

अशा आपबितीची चर्चा वाचनालयात, महिला मंडळात, घरात होईल तेव्हा तिकडची माणसं कशी असतात या प्रश्नावर ती थांबू नये, एवढं मला कळकळीने म्हणावंसं वाटतं. तो प्रश्न सोपा आहे, आणि त्याच्या उत्तराने कुणाची सुटका होत नाही. त्याऐवजी पासपोर्ट कुणाच्या कपाटात होता हे विचारावं. मुलावर कायद्याने कुणाचा हक्क होता, वकिलातीत, पोलीस चौकीत, शेजारी कुणी तिचं ऐकलं आणि का ऐकलं नाही, हे विचारावं. मग हेच प्रश्न आपल्या ओळखीच्या एका घरालाही विचारून पाहावेत. परदेशी निघालेल्या लेकीला दागिन्यांबरोबर तिचे स्वतःचे कागद, स्वतःच्या नावाचं बँक खातं आणि तिथल्या मदतकेंद्राचा क्रमांक देऊन पाठवावं. हेग करारात जायचं की नाही हे सरकार ठरवेल तेव्हा घरातल्या हिंसेचा बचाव कायद्यात स्पष्ट शब्दांत असला पाहिजे आणि निरपराध बापाला मुलाला भेटण्याची खात्रीची वाटही असली पाहिजे, ही मागणी आपण लावून धरावी. आणि पालकत्वाच्या आपल्या कायद्यात आईचं नाव बापाच्या बरोबरीने आलं पाहिजे, हीसुद्धा. बेटीवर विश्वास ठेवणाऱ्या वाचकाचं हे काम आहे, आणि तिच्यावर रागावलेल्या वाचकाचंही.